चिलखत कुणासाठी असतं?

रायपूरला मे महिन्यात बाहेर पडायची वेळ दोनच: सकाळी सातच्या आधी किंवा संध्याकाळी सातच्या नंतर. मुलगी सुट्टीत आली होती. चौदा वर्षांची आहे, चित्रं काढते, आणि दिवसभर क्वार्टरच्या कूलरसमोर बसून कंटाळली होती. म्हणून भर दुपारी तिला घेऊन महंत घासीदास संग्रहालयात गेलो. राजनांदगावच्या महंत राजांनी 1875 साली उभं केलेलं हे संग्रहालय देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. आत सिरपूरच्या मूर्ती आहेत, मल्हारच्या आहेत, आदिवासी जीवनाचं दालनही आहे. मुख्य म्हणजे आत सावली आहे.

तिला शाळेचं काम होतं. इतिहासातली एक स्त्री निवडायची आणि ती एखाद्या व्हिडिओ गेममध्ये कशी दिसेल याचं चित्र काढायचं. तिने झाशीची राणी निवडली होती. बाकावर बसून तिने मोबाइलवर नमुने शोधले आणि एकदम मला विचारलं, "बाबा, तुझ्या सैनिकांना बाह्यांची बटणं लावायला सांगतोस. मग या सगळ्या जणींचं पोट उघडं का असतं? यांना गोळी लागत नाही का?"

मी गप्प झालो. हाच प्रश्न पंधराएक वर्षांपूर्वी मला एका अधिकाऱ्याने विचारला होता. तेव्हा मी हसून वेळ मारून नेली होती.

तो किस्सा आधी सांगतो. एका शांत ठाण्यावर आमची क्रॉस कंट्रीची स्पर्धा होती. कंपनीच्या टी-शर्टवर छापायचं चित्र माझ्याकडे आलं, कारण मेजर साहेब 'आर्टिस्ट आहेत' अशी माझी ख्याती. मी एक योद्धी काढली. हातात तलवार, खांद्यावर पोलादी कवच, गुडघ्यांना कवच, छातीवर शरीराच्या आकाराचं घडवलेलं कवच, आणि मधलं सगळं पोट मोकळं. जवानांना चित्र फार आवडलं. मेसमध्ये ते सगळ्यांना दाखवत होतो. सिग्नल्सची एक कॅप्टन तिथे चहा पीत होती. चित्र नीट बघून ती म्हणाली, "सर, हिचा शत्रू फक्त गुडघ्यावर वार करतो वाटतं." सगळे हसले. मीही हसलो. टी-शर्ट छापले गेले.

पुढच्या आठवड्यात फायरिंग रेंजवर ती बुलेटप्रूफ जॅकेट घालून पडून फायर करत होती. जॅकेट पुरुषाच्या मापाचं. पडल्यावर ते वर सरकून गळ्यापाशी येई आणि रायफलचा दस्ता खांद्यात नीट बसत नसे. उठल्यावर घाम पुसत ती म्हणाली, "सर, हे जॅकेट माझ्यासाठी बनवलेलं नाही, आणि तुमचं ते चित्रही नाही." एवढंच बोलली. मी तिचा वरिष्ठ होतो, त्यामुळे तिला याहून जास्त बोलता येणारही नव्हतं. ते वाक्य मात्र पुढे प्रत्येक पोस्टिंगला माझ्या सामानाबरोबर आलं.

मुलीला उत्तर द्यायचं म्हणून या सुट्टीत मी थोडं वाचलं. हे कपडे आले कुठून, त्याचा हा हिशेब.

आधी साधी गोष्ट, कवचाची. छातीवरच्या चिलखताचा मध्यभाग थोडा उंचवटा देऊन घडवतात. वार त्यावर पडला की घसरून बाजूला जातो. खेळांतल्या नायिकांचं कवच दोन उभारांचं असतं, म्हणजे मध्ये खोबण. त्यावर पडलेला वार घसरून बरोबर मधल्या हाडावर येईल. शत्रूला वाट दाखवणारंच कवच ते. कुठलाही लोहार असं चिलखत घडवणार नाही. हे रणांगणासाठी बनवलेलंच नाही. ते बनवलंय बघणाऱ्यासाठी.

कॉमिक्सचा इतिहास इथूनच सुरू होतो. सुपरहिरोंचे घट्ट कपडे मूळचे सर्कशीतल्या पैलवानांचे आणि कसरतपटूंचे. आमच्या लहानपणी 'इंद्रजाल कॉमिक्स'मध्ये मराठीतून भेटणारा वेताळ, ली फॉकचा 1936 चा फँटम, त्याचेही कपडे अंगाला चिकटलेले. म्हणून पुष्कळ जण म्हणतात, पुरुषही तसेच काढतात की! मीही हेच म्हणायचो. पण फरक आहे. वेताळाचे दंड बघून मला वाटे, आपण असं व्हावं. त्याच पानावरची बाई बघून वाटे, ती आपल्याला मिळावी. दोन्ही चित्रं मुलासाठीच काढलेली होती. माझ्या बहिणीसाठी त्यात काहीच नव्हतं. तिने कॉमिक्स नववीत सोडली. आम्ही समजलो, मुलींना कॉमिक्स आवडत नाहीत.

अमेरिकेत 1941 साली वंडर वूमन आली. तिचा निर्माता विल्यम मार्स्टन मानसशास्त्रज्ञ होता आणि मुलींना एक बलवान आदर्श हवा असं त्याचं म्हणणं होतं. हेतू चांगला, पण वेश पोहण्याच्या पोशाखाच्या जवळचा. पंचाहत्तर वर्षांनी, ऑक्टोबर 2016 मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी तिला मुली आणि स्त्रियांच्या सबलीकरणाची मानद दूत नेमलं. तिथल्याच कर्मचाऱ्यांनी निषेध केला आणि डिसेंबरमध्ये ती नेमणूक संपली. 1954 साली तिथल्या प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता घालून घेतली होती. त्यात स्त्रिया वास्तव दिसतील अशाच काढाव्यात, शरीराची अतिशयोक्ती नको, असा नियमच होता. म्हणजे तक्रार आजची नाही. नियम करावा लागला, याचाच अर्थ रोग तेव्हा फैलावलेला होता.

सगळ्यात बोलका दाखला रेड सोन्याचा. ही तलवारबाज नायिका 1973 मध्ये पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या अंगात साखळीचा पूर्ण सदरा होता. पुढच्याच वर्षी एका चित्रकाराने तिला धातूची बिकिनी घातली. पात्र तेच, तलवार तीच, फक्त कापडाचा हिशेब बदलला. आज तिचं नाव घेतलं की लोकांना आठवते ती बिकिनी.

खेळांतही असंच झालं. 1986 च्या 'मेट्रॉइड' या जपानी खेळात नायक आपादमस्तक चिलखतात असतो. खेळ पुरेसा लवकर संपवला की शेवटी कळतं की ती बाई आहे, सॅमस. खेळणाऱ्या पोरांना केवढा धक्का! पण त्याच खेळात आणखी एक बक्षीस होतं. खेळ जितक्या लवकर संपवाल तितके शेवटी तिचे कपडे कमी. शौर्याची आणि सन्मानाची ओळख एका हाताने दिली आणि दुसऱ्या हाताने काढून घेतली. 1996 साली 'टूम रेडर'मधली लारा क्रॉफ्ट आली. हुशार, निडर, दोन्ही हातांत पिस्तुलं. तिचा आराखडा करणारा टोबी गार्ड पुढच्याच वर्षी कंपनी सोडून गेला. जाहिरातवाल्यांनी तिला ज्या रूपात विकायला काढलं ते त्याला रुचलं नव्हतं. 2013 मध्ये तीच लारा नव्याने घडवली तेव्हा तिला लांब पँट मिळाली आणि अंगावर खरचटल्याच्या खुणा मिळाल्या. खेळ खपलाच. कपडे वाढले म्हणून गिऱ्हाईक पळालं नाही.

आता आपल्या घरात येऊ. हा पाश्चात्त्यांचा दोष म्हणून हात झटकणं सोपं आहे.

राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या रंगीत चित्रांनी आपल्या घराघरांतल्या देवी ठरवल्या. त्यांतल्या कितीतरी जणींच्या अंगावर आपली नऊवारी आहे. पण त्यात एक वाटणीही झाली. लक्ष्मी आणि सरस्वती पूर्ण वस्त्रांत. मोहिनीचं आणि अप्सरांचं वस्त्र मात्र झिरझिरीत. पूजेची बाई वेगळी, बघण्याची बाई वेगळी. 1967 मध्ये अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' सुरू केली. कृष्णाचं पहिलं पुस्तक राम वाईरकरांनी काढलं. ही पुस्तकं वाचूनच मी सैन्यात आलो म्हटलं तरी चालेल, त्यामुळे हे लिहिताना हात जड होतो. पण आज चाळली की दिसतं, पुरुषांच्या पानांवर युद्ध आहे आणि स्त्रियांच्या पानांवर कंबर आहे.

रायपूर हिंदी मुलखात. इथल्या माझ्या वयाच्या माणसांचं बालपण भाड्याने मिळणाऱ्या राज कॉमिक्सवर गेलं. आमचे एक सुभेदार साहेब इथलेच आहेत, नागराजचं नाव काढलं की त्यांचा चेहरा उजळतो. 1986 मध्ये आलेल्या या नागराजची सुरुवातीची चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीकांनी काढली होती, हे मी सांगितलं तेव्हा त्यांना फार गंमत वाटली. त्याच राज कॉमिक्सची एक नायिका शक्ती. तिची कथा भयंकर आहे. नवऱ्याने मुलगी म्हणून मारलेल्या लेकीची ती आई, आणि त्या दुःखातून तिला कालीचं बळ मिळतं. आपल्या देशातल्या एका खऱ्या पापावर उभी असलेली नायिका. आणि अंगावर काय? जनावराच्या कातड्याचं तोकडं वस्त्र. कथा एक सांगते, चित्र दुसरंच विकतं.

हे कातडं कुठून आलं? ते 1930 च्या दशकातल्या शीना या परदेशी 'जंगलच्या राणी'कडून आलं. आपल्या सिनेमांनी ते उचललं आणि आदिवासी बाईचा वेश म्हणून खपवलं. इथे छत्तीसगडात राहून याचं वाईट वाटतं. बस्तरच्या बाईने असं कातडं कधी नेसलेलं नाही. ती सुती लुगडं नेसते. जाडसर, पांढरट, लाल काठाचं. पनका समाजाचे विणकर ते विणतात आणि आल नावाच्या झाडाच्या मुळापासून त्याचा तो गडद लाल रंग काढतात. इथले लोक त्याला लुगरा म्हणतात. माझी आजी साताऱ्याला लुगडंच म्हणायची. शब्द एक, पोत एक.

पूर्वी बस्तरच्या कित्येक बायका चोळी घालत नसत. त्यांच्या गावात त्याचं कुणाला काही नव्हतं. बाहेरून कॅमेरे आले, वेरिअर एल्विनच्या 1947 च्या ग्रंथानंतर घोटुलाच्या चर्चा चवीने होऊ लागल्या, आणि तेच साधं अंग अचानक 'उघडं' झालं. मूर्तींचंही तसंच. सिरपूरचं विटांचं लक्ष्मण मंदिर सातव्या शतकात राणी वासटेने पतीच्या स्मरणार्थ बांधलं. त्या काळातल्या मूर्तींच्या अंगावर कापड कमी आहे. संग्रहालयात माझी मुलगी त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिला जराही संकोच वाटला नाही. मोबाइलवरच्या नायिका बघताना मात्र तिने पडदा माझ्यापासून थोडा वळवला होता.

म्हणून माझं म्हणणं कापडाच्या मापाबद्दल नाही. 'बायोनेटा' या 2009 च्या खेळातली अतिशय भडक नायिका मारी शिमाझाकी नावाच्या एका बाईनेच रेखाटली आहे, आणि ती आवडणाऱ्या बायकाही आहेत. असू देत. ती जादूगार आहे, नाटकी आहे, तिचा खेळच तसा आहे. प्रश्न असा आहे की हा वेश पात्राच्या कामाचा आहे का. नर्तकीला नर्तकीचा वेश द्या. सैनिकाला सैनिकाचा द्या. पुरुषांच्या बाबतीत हे न सांगता कळतं, बाईच्या बाबतीत भांडून सांगावं लागतं.

झाशीच्या राणीकडे परत येतो, कारण शाळेचं काम तिचं होतं.

1854 मध्ये जॉन लँग हा वकील राणींना भेटला. राज्य खालसा होत होतं, त्या त्याचा सल्ला घेत होत्या. पडदा क्षणभर बाजूला झाला आणि त्याला त्या दिसल्या. त्याने पुढे पुस्तकात लिहिलं ते काय? साध्या पांढऱ्या मलमलीबद्दल, ती किती तलम आणि किती घट्ट नेसलेली होती, आणि त्यातून बांधा कसा कळत होता याबद्दल. राज्य जातंय, समोर एक विधवा राणी आपला हक्क मांडतेय, आणि साहेबाची नजर तिथे. गेम आणि कॉमिक्स नंतर आले. नजर आधीची आहे.

आता दुसरा साक्षीदार बघा. वरसईचे विष्णुभट गोडसे. गरीब भिक्षुक, कर्ज फेडायला उत्तरेत गेले आणि सत्तावनच्या धामधुमीत झाशीत अडकले. त्यांचा 'माझा प्रवास' 1907 मध्ये छापला गेला. त्यांनीही राणींचा वेश लिहिला आहे. राणी दरबारात कधी स्त्रीवेशात येत, कधी पुरुषी वेशात: पायजमा, अंगरखा, डोक्याला टोपी आणि पागोटं, कमरेला तलवार. भटजी कौतुकाने सांगतात, पण त्यांच्या सांगण्यात राणी काम करताना दिसतात. जून 1858 मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा की सरायला त्या पडल्या तेव्हाही त्यांच्या अंगावर घोडेस्वाराचा वेश होता, असं शत्रूच्याच बाजूचे लोक लिहितात. ज्या बाईला खरोखर लढायचं होतं तिने लढायचेच कपडे घातले. तिला कुणी शिकवायला लागलं नाही.

हे जमतं, हे सांगायला पुण्याचंच उदाहरण आहे. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने 2020 मध्ये 'राजी' नावाचा खेळ काढला. लोकवर्गणीचा प्रयत्न आधी फसला होता, तरी त्यांनी तो पुरा केला. राजी ही सर्कशीतल्या कसरती करणारी पोरगी. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघते, दुर्गा तिला बळ देते. ती धावते, भिंतीवर चढते, कोलांट्या मारते, आणि दिसते ती अशी कसरती करणाऱ्या पोरीसारखीच. 2014 च्या 'प्रियाज शक्ती' या कॉमिक्समधली प्रिया तर सलवार-कमीज घालूनच वाघावर बसते. दिल्लीच्या डिसेंबर 2012 च्या घटनेनंतर जन्मलेली ती नायिका. तिला कातडं लागलं नाही.

खऱ्या जगात तर चित्र कधीच बदललंय. इथून दक्षिणेला दंतेवाड्यात 2019 पासून 'दंतेश्वरी लडाके' हे महिला पथक आहे. जंगलात चालणाऱ्या त्या मुलींच्या अंगावर तोच ठिपक्यांचा गणवेश, पायात तेच बूट. माझ्या खडकवासल्याच्या अकादमीत आमच्या वेळी एकही मुलगी नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2022 मध्ये पहिल्या 19 जणी आल्या आणि 30 मे 2025 रोजी त्यांतल्या 17 जणी क्वार्टर डेक ओलांडून बाहेर पडल्या. टीव्हीवर ते बघताना मी एकच गोष्ट शोधत होतो: कुणाची टोपी, कुणाचा पट्टा वेगळा दिसतो का. कदमांच्या ओळीत मला मुलगा कुठला आणि मुलगी कुठली हे पटकन ओळखता आलं नाही. तिथे वेश कामाचा होता.

काही जुने मित्र हे वाचून म्हणतील, अरे, चित्र आहे, खेळ आहे, एवढं काय! मीही एकेकाळी हेच म्हटलं असतं. पण आमच्या बॅरॅकमध्ये अठरा-एकोणीस वर्षांची पोरं मोबाइलवर खेळतात. उद्या त्यांच्या शेजारच्या खंदकात एक मुलगी असणार आहे, कदाचित त्यांची अधिकारी म्हणून. तिचा हुकूम त्यांनी क्षणात मानायला हवा. वर्षानुवर्षं जे डोळे बाईला फक्त बघायला शिकले, ते तिचं ऐकायला किती वेळ घेतील? तो वेळ रणांगणावर मिळत नाही. माझा टी-शर्ट चाळीस जवानांनी घातला होता. त्या चाळीस जणांना मी काय शिकवलं, याचा हिशेब माझ्याकडे नाही.

मुलीने राणीचं चित्र पुरं केलं. पायजमा, जाड अंगरखा, त्याखाली साखळीचा सदरा, डोक्याला घट्ट पागोटं, हाताला तलवारीची मूठ घासू नये म्हणून कापडाची पट्टी. घोड्याचं खोगीर माझ्याकडून तीनदा तपासून घेतलं. शेवटी अंगरख्याला खिसे काढले. मी म्हटलं, त्या काळी खिसे नसतील. ती म्हणाली, "गेममध्ये काडतुसं कुठे ठेवणार?" मी वाद घातला नाही.

त्या चित्राचा फोटो मी त्या कॅप्टनला पाठवला. ती आता लेफ्टनंट कर्नल आहे, दूर कुठेतरी उत्तरेत. सोबत एक ओळ लिहिली की तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला उशीर झाला, माफ कर. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं. "सर, चित्र छान आहे. फक्त गळ्याशी चिलखत थोडं खाली घ्यायला सांगा. घोड्यावर वाकली की टोचेल."

मुलीने खोडरबर घेतलं आणि गळा दुरुस्त केला.

जय हिंद.